रीलमधली लाट आणि होडीतली पोती : जुन्या बोटीमागं वेकसर्फिंग कसं करतात?

करमाळा : गेल्या महिन्यात संध्याकाळी उसाला पाणी सोडलं आणि मोटरसायकल घेऊन उजनीच्या काठाला गेलो. तिथं आमच्याच भावकीतली तीन-चार पोरं एका मच्छीमाराच्या फायबरच्या होडीत वाळूची पोती रचत होती. म्हटलं, "काय रे, वाळूचा धंदा सुरू केला का?" तर एकानं मोबाईल पुढं केला. त्यात एक रील. मोठी चकचकीत बोट चालली आहे, तिच्या मागं दहा-बारा फुटांवर एक माणूस फळीवर उभा आहे, आणि हातात दोरी नाही. दोरी त्यानं बोटीत फेकून दिली आहे. बोटीनं उठवलेली लाटच त्याला ढकलत नेते आहे.

"दादा, बोटीत मागं वजन भरलं की अशी लाट उठते म्हणं," पोरगा म्हणाला.

पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं, वजन भरूनच लाट उठते. पण ती रीलमधली बोट वेगळी आणि आपली होडी वेगळी. त्या फरकात माणसाचा पाय जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. तिकडं तळीच तळी. त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून दोन वर्षांपूर्वी 2003 सालची जुनी वेकबोर्डची बोट घेतली आणि ती वेकसर्फिंगसाठी तयार केली. त्याला फोन लावला. पोती भरलेल्या होडीचा फोटो पाठवला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "मामा, ती होडी पाण्यात घालू देऊ नका. आधी माझं ऐका."

दोन खेळ, एकच बोट

वेकबोर्ड आणि वेकसर्फ हे दोन वेगळे खेळ आहेत. वेकबोर्डमध्ये पाय फळीला बांधलेले असतात, दोरी साठ-सत्तर फूट लांब असते आणि बोट ताशी 32 ते 38 किलोमीटरनं पळते. माणूस दोरीला धरून ओढला जातो आणि बोटीच्या लाटेवरून उड्या मारतो. वेकसर्फमध्ये पाय मोकळे, बोट सावकाश म्हणजे ताशी 16 ते 19 किलोमीटर, आणि दोरी वीस-पंचवीस फुटांची. तीसुद्धा फक्त उठून उभं राहण्यापुरती. एकदा लाट सापडली की दोरी सोडायची.

म्हणजे वेकबोर्डला दोन्ही बाजूंना सारखी, बेताची लाट लागते. वेकसर्फला एकाच बाजूला, पण उंच आणि लांबपर्यंत स्वच्छ राहणारी लाट लागते. 2003 सालच्या बोटी पहिल्या कामासाठी बनवलेल्या. आताच्या नव्या बोटींत हे सगळं बटणावर होतं, पण त्यांच्या किमती ऐकल्या तर आपल्याकडं तेवढ्यात बागायती रान येईल. म्हणून तिकडं मध्यमवर्गीय माणूस जुनी बोट घेतो आणि तिच्यावर उद्योग करत बसतो.

लाट कुठून येते

ट्रॅक्टरवाल्याला हे पटकन कळेल. बोट उभी असताना आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून तरंगते. जोरात पळायला लागली की ती पाण्यावर उचलली जाते आणि वरच्या वर घसरत जाते, तेव्हा लाट लहान पडते. या दोन्हींच्या मधला एक वेग असा आहे की बोटीचं पुढचं टोक वर, मागचं बूड खाली, आणि ती पाणी अक्षरशः नांगरत जाते. बुडाच्या मागं पाण्यात खड्डा पडतो. तो भरायला दोन्ही बाजूंनी पाणी धावतं आणि लाट उठते. बोट जितकी जड, तितका खड्डा खोल आणि तितकी लाट मोठी. खरी गोष्ट एवढीच आहे. बाकी सगळं वजन किती, कुठं आणि कधी एवढ्याचंच.

आपण नांगरटीला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पाऊण भाग पाणी भरतो ना, तसंच बोटीत पाणीच भरतात. तळ्यातलंच. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. खेळ संपला की परत बाहेर सोडून द्यायचं. भाच्याच्या बोटीत कंपनीच्या तीन टाक्या होत्या, सगळ्या मिळून चारशे लिटरच्या आत. वेकबोर्डला तेवढं पुरतं, सर्फला नाही. म्हणून त्यांनी जाड रबरी कापडाच्या पिशव्या आणल्या. बारा व्होल्टच्या पंपानं भरायच्या, त्याच पंपानं उपसायच्या. साडेतीनशे लिटरची एक पिशवी मागच्या कोपऱ्यात, जिकडं सर्फ करायचं त्या बाजूच्या पेटीत. दीडशेची एक त्याच बाजूच्या बाकावर. आणि थोडं वजन पुढं.

पुढं कशाला? मीही हेच विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, उसाची ट्रॉली जास्त भरली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, तेव्हा तुम्ही काय करता?" पुढं वजनं अडकवतो. तसंच. सगळं वजन मागं टाकलं तर लाट उंच येते पण आखूड. माणूस बोटीच्या फारच जवळ राहतो, आणि चालवणाऱ्याला तोंड वर गेल्यामुळं समोरचं दिसत नाही. पुढं थोडं वजन टाकलं की लाट जरा बसते पण लांब होते. वेगाचंही तसंच. कमी वेगाला लाट उभी आणि आखूड, अर्धा-एक किलोमीटर वेग वाढवला की लांब आणि गुळगुळीत. शेवटचं मोजमाप शिसं भरलेल्या वीस-पंचवीस किलोच्या पिशव्या इकडून तिकडं सरकवून करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजनही हलवलं आणि वेगही बदलला तर कशानं काय झालं ते कळत नाही. खत आणि औषध एकदम मारल्यावर पीक कशानं सुधारलं हे जसं सांगता येत नाही, तसं.

बोट मुद्दाम कलती का ठेवतात

जुन्या बोटीत चांगली लाट काढायची जुनी रीत म्हणजे बोट एका अंगाला कलवायची. ज्याचा डावा पाय पुढं असतो तो डाव्या बाजूच्या लाटेवर उभा राहतो, उजवा पाय पुढं असणारा उजव्या. ज्या बाजूला सर्फ, त्या बाजूला वजन, आणि बसलेली माणसंही त्याच बाजूला. ती बाजू खोल जाते, तिकडची लाट मोठी होते आणि दुसरीकडची फेसाळून मोडते. पंखा, म्हणजे प्रोपेलर, ज्या दिशेला फिरतो त्यावरही एक बाजू जरा चांगली आणि दुसरी जरा डावी निघते. जुन्या बोटीत हा फरक ठळक दिसतो.

नंतर लोकांच्या लक्षात आलं की कलवण्याचीही गरज नाही. बुडामागं दोन्ही बाजूंचं पाणी एकत्र येऊन आपटतं, तिथं लाट खराब होते. एका बाजूचं पाणी जरा उशिरा पोचवलं तर दुसऱ्या बाजूची लाट लांबपर्यंत स्वच्छ राहते. मलिबू कंपनीनं 2012 मध्ये बोटीच्या मागच्या कडेला दारासारखी उघडणारी फळी बसवली. जिकडं सर्फ करायचं त्याच्या उलट बाजूची फळी उघडायची. जुन्या बोटवाल्यांनी हीच युक्ती स्वस्तात केली. एक फळी किंवा प्लास्टिकचा पंखासारखा तुकडा आणि त्याला काचा-फरशा उचलायचे रबरी चोषक लावायचे. तो बोटीच्या बाजूला, मागच्या टोकाजवळ, पाण्याच्या पातळीखाली चिकटवायचा. भाच्यानं पहिला घरीच बनवला होता. दुसऱ्याच दिवशी तो निसटून तळ्याच्या तळाशी गेला. आता विकतचा आहे आणि त्याला दोरी बांधलेली असते.

याचा मोठा फायदा म्हणजे वजन दोन्ही बाजूंना सारखं ठेवता येतं. बोट सरळ राहते. भाचा म्हणतो, जुन्या बोटीवर पहिला खर्च याच्यावर करावा, पिशव्यांवर नंतर.

अर्धी भरलेली पिशवी

आता जरा थांबून वाचा, कारण हे आपल्या होड्यांनाही लागू आहे.

उन्हाळ्यात गावात टँकर येतो. पूर्ण भरलेला टँकर वळणावर जड जातो, पण अर्धा भरलेला जास्त घातक, हे कुठलाही टँकर ड्रायव्हर सांगेल. आतलं पाणी वळणाच्या बाहेरच्या अंगाला धावतं आणि टँकरला तिकडंच ओढतं. बोटीतही तेच. पिशवी अर्धी असेल तर बोट जरा कलली की पाणी त्याच बाजूला जातं, बोट आणखी कलते, आणखी पाणी जातं. म्हणून पिशवी एक तर पूर्ण भरलेली हवी, नाही तर पूर्ण रिकामी. बोटीच्या तळात साचलेलं पाणीही असंच पळतं. दोन हजार लिटर पाणी बांधून ठेवलेलं परवडलं, दोनशे लिटर मोकळं परवडत नाही, असं तो म्हणाला.

दुसरा मुद्दा पुढच्या वजनाचा. पहिल्याच मोसमात त्यांनी हा धडा घेतला. मागं-पुढं वजन भरलेलं, वर आठ माणसं. सर्फ करणारा पडला म्हणून चालवणाऱ्यानं झटकन वेग कमी केला. जड बोटीचं तोंड खाली गेलं आणि स्वतःच उठवलेली लाट मागून येऊन पुढच्या काठावरून आत शिरली. पुढं बसलेल्या पोरींच्या मांडीपर्यंत पाणी. तळातलं पाणी उपसायचा पंप एकच होता आणि तोही कंपनीचा जुना. सगळ्यांनी मागं सरकून, बादलीनं पाणी काढून कसंबसं निभावलं. अंगात सगळ्यांच्या लाइफ जॅकेट होतं. त्यानंतर त्यांनी दुसरा मोठा पंप बसवला, पुढची पिशवी काढूनच टाकली, आणि ठरवून टाकलं की माणूस पडला तरी वेग हळूहळू कमी करायचा, सावकाश वळायचं आणि मग परत जायचं.

बोटीवर एक पट्टी ठोकलेली असते. किती माणसं आणि एकूण किती वजन, ते त्यावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत वीस फुटांखालच्या अशा बोटींना ती कायद्यानं लावावी लागते, मोठ्या बोटींना बऱ्याच कंपन्या स्वतःहून लावतात. नंतर घातलेलं पाणी त्याच वजनात मोजायचं. म्हणजे पाचशे लिटर जास्त पाणी घेतलं तर सात माणसं काठावर राहिली. हा हिशोब तिकडंही बरेच लोक करत नाहीत.

इंजिन, पंखा, पंप

हा भाग थोडक्यात सांगतो. टन-दीड टन वजन घेऊन तीच बोट ओढायची तर जुना पंखा दमतो. इंजिन ओरडतं, पण बोट वेग पकडत नाही. जुना पंखा वेगासाठी कापलेला असतो. त्याजागी कमी पिचचा पंखा लावतात. ट्रॅक्टर चिखलात खालच्या गिअरवर घेतल्यासारखं. जास्तीचा वेग कमी होतो, पण सर्फला तो लागतच नाही. डिझेल नाही, पेट्रोलचं 5.7 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आहे. वजन भरून चालवलं की तासाला पंधरा-वीस लिटर सहज पितं. त्यामुळं तिघांत मिळून बोट.

वेग हातानं धरता येत नाही. एखादा किलोमीटर मागं-पुढं झाला की लाट बदलते आणि मागचा माणूस पडतो. म्हणून जीपीएसवर चालणारं वेग धरून ठेवणारं यंत्र जुन्या बोटीला वरून बसवतात. पंपाचं म्हणाल तर आतला पंखा रबराचा असेल तर तो पंप कोरडा चालवायचा नाही, मिनिटात रबर जळतं. आणि नळीला एकाच दिशेनं पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह हवा. नाही तर बोट उभी असताना पाणी आपोआप आत येत राहतं आणि कळतही नाही.

न दिसणारी गोष्ट

आता जीवाशी खेळ कुठं होतो ते दोन मुद्दे. पहिला धुराचा.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बोट मागं खोल बसवून हळू चालवली की मागच्या भागात हवा फिरून तिथंच राहते, आणि नळी बहुतेक बोटींत तिथंच मागं उघडते. सर्फ करणारा अगदी तिथंच असतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं. लोकांना वाटतं ऊन लागलं. मग माणूस बेशुद्ध होऊन पाण्यात जातो आणि बुडाला असं लिहिलं जातं. मिनेसोटातल्या लेक मिनेटोंकावर 2015 मध्ये एका सात वर्षांच्या मुलीचा बोटीतच या वायूनं मृत्यू झाला. एक्झॉस्टच्या नळीला भोक पडलं होतं. त्यानंतर त्या राज्यानं बंद केबिनच्या बोटींना हा वायू ओळखणारं यंत्र सक्तीचं केलं, 2018 पासून ते लागू आहे. भाच्याची बोट उघडी आहे, तिला ही सक्ती नाही. तरी त्यानं यंत्र बसवलं आणि एक्झॉस्टची तोंडं पाण्याखाली नेणारी पुढची नळीही जोडली. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, पाय सोडायचे नाहीत, हा बोटीवरचा पहिला नियम.

दुसरा मुद्दा पंख्याचा, आणि आमच्या पोरांचा सगळा प्रश्न इथंच मिटतो. रीलमधल्या बोटीचा पंखा बोटीच्या पोटाखाली असतो, मागच्या टोकाच्या बराच आत. इंजिन आत, दांडा खाली. आपल्या होडीला मागं लटकवलेलं इंजिन असतं, म्हणजे आउटबोर्ड. त्याचा पंखा होडीच्या मागं, उघडा. सर्फ करणारा दहा फुटांवर असतो आणि लाट त्याला सतत बोटीकडं ढकलत असते, कारण लाटेचं कामच ते. पाय घसरला तर तो पुढं, पंख्याकडंच जातो. दोरीनं लांब ओढत नेण्याचे खेळ आउटबोर्डमागं होतात, पण हा खेळ नाही. व्होल्वो पेंटा कंपनीनं 2015 मध्ये पुढं तोंड केलेल्या पंख्याचं इंजिन आणलं, ते खास याचसाठी. बाकी मागं पंखा असलेल्या कुठल्याही बोटीमागं वेकसर्फ करायचं नाही. यात "जरा सांभाळून केलं तर" असं काही नाही.

तळ्याचं काय होतं

तिकडं या लाटांवरून भांडणं चालू आहेत. काठावर घरं असलेले लोक म्हणतात आमचा बांध खचतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं 2022 मध्ये मोजणी केली. साधी बोट काठापासून 200 फुटांवर असताना काठाला जेवढी लाट लागते, तेवढीच लाट लागायची तर सर्फची बोट 500 फुटांपेक्षा जास्त लांब हवी, असं निघालं. व्हरमाँट राज्यानं 2024 मध्ये नियमच केला : काठापासून 500 फूट, पाणी किमान 20 फूट खोल, आणि असं सलग 50 एकर पाणी असेल तरच. उथळ पाण्यात तळाचा गाळ ढवळून निघतो आणि लाटही नीट उठत नाही, म्हणजे त्यात कुणाचाच फायदा नाही.

आणि पिशव्यांतलं पाणी. एका तळ्यातलं पाणी पिशवीत राहिलं आणि दुसऱ्या तळ्यात सोडलं की झेब्रा शिंपले तिकडं पसरतात, ते एकदा आले की निघत नाहीत. उजनीत मांगूर आणि सकरमाऊथ माशांनी आपल्या मच्छीमारांच्या जाळ्यांचं काय केलं ते काठावरच्या कुणालाही विचारा. मिनेसोटात बोट रस्त्यानं नेताना तळाचा प्लग काढून सगळं पाणी सोडणं कायद्यानं बंधनकारक आहे. भाच्याला थंडीचंही बघावं लागतं. तिकडं तळी गोठतात. ऑक्टोबरपर्यंत इंजिन, पंप, नळ्या सगळ्यातलं पाणी काढलं नाही तर आत बर्फ होऊन इंजिनचा ब्लॉक फुटतो.

पुन्हा काठावर

हे सगळं फोन स्पीकरवर टाकून पोरांना ऐकवलं. होडीचा मालक मच्छीमारही शेजारी बसून ऐकत होता. त्याच्या होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम दीड वीत. पोती भरल्यावर एक वीतही राहिला नव्हता. त्यात तीन माणसं बसणार होती, आणि लाइफ जॅकेट एकाकडंही नव्हतं. 21 मे 2024 ला कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. त्या दिवसांत हीच पोरं काठावर उभी होती. मी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही, मच्छीमारानंच दिली. उजनीवर वारा कधी सुटेल याचा नेम नाही आणि सुटला की मधल्या पाण्यात पुरुषभर लाटा उठतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

एका पोरानं भाच्याला विचारलं, "मग भावजी, आपल्याकडं होणारच नाही का?" भाचा म्हणाला, होईल की. पोटात पंखा असलेली बोट पाहिजे, ती चालवायला शिकलेला माणूस पाहिजे, परवानगी पाहिजे, आणि बोटीत एक जण फक्त मागं नजर ठेवायला पाहिजे. तोपर्यंत पोहायला शिका, जॅकेट घाला. पोरांची तोंडं उतरली. पोती परत उतरवायला मात्र त्यांना अर्धा तास लागला, चढवताना दहा मिनिटांत झाली होती.

फोन ठेवायच्या आधी भाच्यानं एक गंमत सांगितली. कायद्याप्रमाणं दर वेळी तळाचा प्लग काढायचा म्हटल्यावर पुढच्या खेपेला तो लावायचा राहतो. बोट पाण्यात सोडली, पार्किंगला गाडी लावून आले, तर बोट निम्मी बसलेली. तिकडं हे दर रविवारी कुणाचं तरी होतं म्हणे. आता त्यांनी प्लग इंजिनच्या चावीच्याच जुडग्यात अडकवून ठेवला आहे.